मिस्त्रीचे चौदाशे चौदा

केनवडच काय, वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात कारागिराचे पैसे उशिरा देता येतात, अर्धे देता येतात, ‘सोयाबीन विकलं की देतो’ म्हणून पुढच्या हंगामावर ढकलता येतात. या तिन्ही प्रकारांना जुनी परंपरा आहे आणि समोरच्याच्या मनाची तयारीही असते. पण ठरलेले पैसे वेळेवर द्यायचे आणि देताना त्यातून शंभराला एक रुपया काढून ‘हा मी सरकारला भरतो’ असं तोंडावर सांगायचं, याला वेगळीच छाती लागते. ती छाती आपल्याला नाही, हे केनवडच्या शेठला गोडाऊन बांधायला काढल्यावर कळलं.

हा शेठ कोणी एक माणूस नव्हे. रिसोड तालुक्यात, वाशीम जिल्ह्यात, जिथे जिथे खत-बियाण्यांचं दुकान, जोडीला सोयाबीन-तुरीची खरेदी आणि पाटीवर वडिलांचं नाव आहे, तिथे तिथे तो गल्ल्यावर बसलेला असतो. कागदोपत्री त्याला प्रोप्रायटर म्हणतात. म्हणजे मालक तोच, मॅनेजर तोच, संध्याकाळी गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावणाराही तोच. कंपनीत हिशेब खातं असतं, कर खातं असतं. शेठकडे एक वही असते आणि ती कुठे ठेवली हे फक्त बायकोला माहीत असतं.

तर २०२३-२४ या वर्षात शेठच्या दुकानाची उलाढाल एक कोटीच्या वर गेली. नफा नव्हे, उलाढाल. हा फरक घरात समजावून सांगता सांगता तो आधीच थकला होता. तेवढ्यात सीए साहेबांनी सांगितलं की मागच्या वर्षी उलाढाल कोटीच्या वर गेली असेल, तर या वर्षी ठेकेदाराला पैसे देताना कलम १९४ सी प्रमाणे कर, म्हणजे टीडीएस, कापायचा, सरकारात भरायचा आणि कोणाचा किती कापला याचं विवरणपत्र दर तीन महिन्यांनी द्यायचं.

“पन साहेब, आपलं ऑडिट लागत नाई म्हनले होते तुमी.”

“ऑडिट लागत नाहीच. तुम्ही ४४ एडी मध्ये आहात. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर भरला की संपलं.”

“वह्या?”

“त्याही ठेवायची सक्ती नाही.”

“अन् टीडीएस?”

“तो लागतो.”

शेठने थोडा विचार केला. “म्हंजे माहा हिशोब सरकारले नको. मिस्त्रीचा पाह्यजे.”

साहेबांनी चहा मागवला. कायद्याचं इतकं नेमकं सार त्यांना परीक्षेच्या पुस्तकांतही सापडलं नसावं. ४४ एडी ची मर्यादा दोन कोटी, रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी. आणि टीडीएसची मर्यादा एक कोटी. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत देशातले असंख्य शेठ उभे आहेत. स्वतःच्या वह्यांतून सुटलेले आणि दुसऱ्याच्या नोंदींत अडकलेले.

हे कलम आणलं कोणी, अशी चौकशी केली तर पंचाईत होते, कारण शिव्या द्यायची सोय राहत नाही. १९७२ साली ते कायद्यात आलं तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. तेव्हा ते सरकारी खाती, कंपन्या अशा मोठ्या मंडळींसाठी होतं. एकट्यादुकट्या व्यापाऱ्याने मूळ ठेकेदाराला पैसे देताना कर कापावा, ही कल्पना पुढे १ जून २००७ पासून अमलात आली. म्हणजे पस्तीस वर्षं शेठच्या वडिलांनी मिस्त्रीला सुखाने पैसे दिले, आणि मुलगा गल्ल्यावर बसला तसं सरकारही शेजारी येऊन बसलं.

दर तसा किरकोळ आहे. ठेकेदार एकटा माणूस असेल तर एक टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर दोन. एका वेळचं देणं तीस हजारांच्या वर किंवा वर्षभराची बेरीज एक लाखाच्या वर गेली की कापायचं. हे तीस हजार कानावर पडताच शेठचा चेहरा उजळला. गोडाऊनचं काम मिस्त्रीला गुत्त्यानं दिलं होतं, एक लाख चाळीस हजारांत. त्याने लगेच पाच हप्ते पाडले, प्रत्येकी अठ्ठावीस हजारांचे. ही युक्ती आपल्यालाच सुचली असं त्याला वाटलं. ती सुचलेला माणूस प्रत्येक तालुक्यात असतो आणि प्रत्येकाला तसंच वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला हप्ता सुटला, दिवाळीला दुसरा, मग तिसरा. डिसेंबरात चौथा दिला आणि बेरीज एक लाख बारा हजार झाली. आता कर कापायचा तो चौथ्या हप्त्यावर नाही, पहिल्या रुपयापासून सगळ्यावर.

“पन ते तीन हप्ते तं मिस्त्रीनं खाल्ले!”

“चौथ्यातून कापा.”

इथे मिस्त्रीशी बोलणं भाग होतं. शेठने ते पाचव्या हप्त्यापर्यंत लांबवलं, आणि तेव्हाही आधी पाणी, मग चहा, मग मिस्त्रीच्या मुलाची चौकशी, असं करत करत विषय काढला.

“मिस्त्री, एक टक्का कापा लागते.”

“काऊन? भीत वाकडी झाली का?”

“भीत बरोबर हाये. सरकारचा नियम हाये.”

“मंग सरकारची भीत बांधली तवा सरकारनं कापावं. मी तुमची बांधली.”

याला उत्तर नव्हतं. शिवाय मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे तो ठेकेदार नव्हताच. तो फक्त माणसं आणतो आणि काम करून घेतो. कायद्यात मात्र कामासाठी मजूर पुरवणंसुद्धा स्पष्ट शब्दांत ठेक्यात धरलं आहे. हे शेठने सांगितल्यावर मिस्त्रीच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा अभिमान दिसला. आजवर त्याला कोणी ठेकेदार म्हटलं नव्हतं.

खरी गंमत भिंतीने केली. गोडाऊन घराला लागून. गोडाऊनच्या कामात मिस्त्रीने स्वयंपाकघराच्या बाजूचं पडलेलं प्लास्टरही करून दिलं. आता काम केवळ वैयक्तिक कारणासाठी असेल तर टीडीएस नाही. म्हणजे एकाच विटेची एक बाजू धंद्याची आणि दुसरी संसाराची. शेठचं म्हणणं, सगळी भिंत घरचीच धरा. साहेबांचं म्हणणं, ‘केवळ’ हा शब्द कायद्यात आहे. शेठची बायको एवढंच म्हणाली, “अहो, माझ्या बाजूला अजून रंग दिला नाही. त्याचं काय कलम आहे ते बघा आधी.”

घरच्या कामाला सूट मिळते म्हणून कोणी फार हुरळू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये १९४ एम आलं. एकाच ठेकेदाराला वर्षात पन्नास लाखांच्या वर दिले, तर काम घरचं असलं तरी कापायचं. आधी पाच टक्के, १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन. मुलीच्या लग्नाच्या केटररलाही हे लागू होऊ शकतं, असं कळल्यावर शेठ मनापासून हसला. रिसोडपासून लोणारपर्यंत सगळ्या गावांना वांग्याची भाजी आणि पुरी वाढली तरी पन्नास लाख होणार नव्हते. त्या वर्षातलं हे एकमेव कलम, ज्याने त्याला आनंद दिला.

टेम्पोवाल्याचं प्रकरण वेगळं. त्याचं वर्षभराचं भाडं लाखाच्या वर जायचं, पण मालवाहतूकदाराकडे दहा किंवा त्याहून कमी गाड्या असतील आणि त्याने पॅनसह तसं लिहून दिलं, तर काही कापायचं नाही. शेठने कागद पुढे केला. ‘माझ्याकडे दहापेक्षा अधिक मालवाहू वाहने नाहीत.’

टेम्पोवाल्याने तो दोनदा वाचला. “शेठ, दहा? माह्याकडे एक हाये. अन् तेबी बँकेची. तेरा हप्ते बाकी हायेत.”

“लिहून तं द्या लागन.”

“मंग ‘एक’ लिवा ना. दहा कायले? गावात बोभाटा होईन, सोयरिकीचं चालू हाये पोराचं.”

सही झाली. पण काही कापलं नाही म्हणून सुटका नाही. ज्याचं कापलं नाही त्याचंही नाव, पॅन आणि रक्कम विवरणपत्रात द्यायची, समोर कापलेली रक्कम शून्य. सोयाबीनच्या खरेदीत अर्धा क्विंटल इकडे-तिकडे झाला तर चालतं म्हणणाऱ्या माणसाला न घडलेल्या गोष्टीची नोंद करायला लावणं, हा सरकारी शिस्तीचा कळस म्हणायचा.

आता मिस्त्रीचं पॅन. पॅन नसेल तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के. मिस्त्रीकडे पॅन होतं. कधीकाळी बँकेत खातं काढताना काढलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या आत. पण ते आधारला जोडलेलं नव्हतं, आणि १ जुलै २०२३ पासून असं पॅन निष्क्रिय धरलं जातं. निष्क्रिय म्हणजे जवळपास नसल्यातच जमा, म्हणजे पुन्हा वीस टक्के. जोडायला हजार रुपये. आधारवर मिस्त्रीचं नाव बापाच्या नावासकट, पॅनवर आडनावाचं स्पेलिंग बँकेतल्या साहेबाने मनाने घातलेलं. नाव जुळेना. हजार रुपये कोणी द्यायचे यावर दहा मिनिटं शांतता झाली, आणि ती शेठच्या पाकिटातून संपली.

तोवर मिस्त्रीचा एकच हेका होता. “गुत्ता एक चाळीसचा ठरला. मले एक चाळीस पाह्यजे. तुमी सरकारले काय द्याचं ते द्या.”

शेठला हे पटलं. खरं तर त्याला सुटल्यासारखं झालं. चौदाशे रुपयांसाठी गावातल्या एकमेव बऱ्या मिस्त्रीशी बिघडवून घ्यायचं नाही. पुढच्या पावसात पत्रा गळला तर बोलवायचं कोणाला? “मीच भरतो खिशातून,” असं त्याने जाहीर केलं. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात टीडीएसचा हा सगळ्यात प्रचलित प्रकार आहे. कायद्याच्या पुस्तकात कर पैसे घेणाऱ्याचा असतो, गावात तो भिडस्त माणसाचा असतो. अर्थात प्रस्तुत लेखकाने यावर फार बोलू नये. स्वतःचा किती कर कापला जातो असं विचारलं तर तो ‘ते आमचं ऑफिस बघतं’ एवढंच सांगू शकतो.

पण उदारपणालाही कलम होतं. १९५ ए म्हणत होतं की दुसऱ्याचा कर तुम्ही सोसलात, तर तो करही त्याच्या उत्पन्नात मिळवायचा आणि मग हिशेब करायचा. म्हणजे मिस्त्रीला दिले एक लाख चाळीस हजार नव्हे, तर एक लाख एकेचाळीस हजार चारशे चौदा, आणि त्यावर एक टक्का, चौदाशे चौदा.

“हे वरचे चौदा कायचे?” शेठने विचारलं.

“तुमच्या चांगुलपणाचे.”

“अन् कापलंच नसतं तं?”

न कापल्यास महिन्याला एक टक्का व्याज आणि दंडाची टांगती तलवार. कापून भरलं नाही तर दीड टक्का व्याज, आणि प्रकरण फारच चिघळलं तर तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरीची तरतूद. शेठने मनातल्या मनात दोन्ही पर्याय तोलले. जो कापतच नाही त्याच्यापेक्षा जो कापतो त्याला जास्त भ्यावं लागतं, हे बघून त्याने पैसे ७ जानेवारीच्या आत भरायचं ठरवलं.

भरण्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, लागतो. पॅन वेगळा, टॅन वेगळा; शेठला वाटलं साहेबांच्या बोलण्यात दोष आहे. तो काढला, चलन भरलं आणि सगळं संपलं असं समजून दुकानात तुरीची आवक बघत बसला. संपलं नव्हतं. पैसे भरणं म्हणजे सांगणं नव्हे. पैसे कोणाचे, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला दिले, हे नमुना २६ क्यू मध्ये सांगायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरची मुदत ३१ जानेवारी. त्यासाठी सरकारमान्य सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं, त्याला जावा लागतो, मग चलनाची सीएसआय फाइल, मग तपासणीतून पार झालेली एफव्हीयू फाइल. साहेबांच्या ऑफिसातला पोरगा तीन दिवस एकाच चुकीच्या संदेशाकडे बघत होता. संदेश इंग्रजीत होता आणि त्याचा मथितार्थ ‘काहीतरी चुकलं आहे’ इतकाच होता.

त्यात मिस्त्रीच्या नावाची दुरुस्ती अडकली. विवरणपत्र गेलं १२ फेब्रुवारीला. उशिराचं शुल्क दिवसाला दोनशे रुपये, मात्र एकूण शुल्क कराच्या रकमेपेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणजे आठव्या दिवशी मीटर चौदाशे चौदावर येऊन थांबलं. उरलेले चार दिवस फुकट मिळाले, असं साहेबांनी समजूत घालण्यासाठी सांगितलं. शेठला ते ऐकून बरं वाटलं, ही गोष्ट जास्त काळजीची.

या दोनशे रुपयांवरून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत भांडण झालेलं आहे. सरकारचं वसुलीचं काम आम्ही बिनपगारी करतो आणि वर आम्हालाच भुर्दंड, अशी तक्रार होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. हा दंड नाही, शुल्क आहे; विवरणपत्र उशिरा आलं की खात्याचं काम वाढतं, त्याचा हा मोबदला. थोडक्यात, शेठने केलेल्या कामाचा मोबदला नाही, त्याने खात्याला लावलेल्या कामाचा आहे. पैसा आला-गेला की नाव बदलतं, हे भुसाराच्या व्यापाऱ्याला नवीन नाही. तोही वजनातली घट आणि ओलावा वेगवेगळ्या नावांनी लावतो.

मार्चमध्ये नोटीस आली. टीडीएसचा हा सगळा ताळा लावणारं केंद्र उत्तर प्रदेशात, गाझियाबादच्या वैशालीत आहे. तिथल्या संगणकाला केनवडच्या मिस्त्रीचं पॅन पैसे दिले त्या दिवशी निष्क्रिय होतं हे बरोबर कळलं होतं. वीस टक्क्यांप्रमाणे सुमारे सत्तावीस हजार रुपये कमी कापले, ते भरा, व्याज वेगळं. नोटिशीचा तपशील बघायचा तर ट्रेसेस नावाच्या संकेतस्थळावर नोंदणी हवी, आणि तिथे शेठ हा शेठच आहे याची खात्री पटवण्यासाठी मिस्त्रीचं पॅन आणि त्याच्या नावावर कापलेली रक्कम टाकावी लागली. बापाचं नाव पाटीवर असलेल्या माणसाची ओळख शेवटी मिस्त्रीने पटवली.

शेठने जेवण कमी केलं. गोडाऊनकडे बघणं सोडलं. “सत्तावीस हजारांत अजून एक भीत झाली असती,” हे वाक्य तो गिऱ्हाइकांना विनाकारण ऐकवू लागला. सुदैवाने तो एकटा नव्हता. अशा नोटिसा देशभर गेल्या होत्या आणि तक्रारींचा ढीग पडला होता. शेवटी २१ जुलै २०२५ ला प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं. १ एप्रिल २०२४ ते ३१ जुलै २०२५ मधल्या देण्यांसाठी, समोरच्याचं पॅन ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत सक्रिय झालं तर जादा कापण्याची जबाबदारी नाही. मिस्त्रीचं पॅन तोवर जोडून झालं होतं. शेठने हजार रुपये दिल्याचं सार्थक झालं आणि साहेबांनी त्याच आठवड्यात नवी बातमी दिली की जुना १९६१ चा कायदाच जाणार, १ एप्रिल २०२६ पासून नवा येणार आणि पगार सोडून टीडीएसची बाकी कलमं त्यात ३९३ या एका कलमात असतील.

“मंग कापाचं नाई ना आता?”

“कापायचंच. फक्त १९४ सी म्हणायचं नाही.”

पाठ झालेलं एकमेव कलम हातचं गेलं म्हणून शेठ हळहळला.

दरम्यान, कर कापल्याचं प्रमाणपत्र म्हणजे नमुना १६ ए मिस्त्रीला देणं हेही शेठचंच काम. ते देताना त्याने थोडा रुबाब केला. मिस्त्रीने कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

“हे काय?”

“तुमच्या नावानं सरकारात चौदाशे चौदा जमा हायेत, त्याची पावती.”

“माह्या नावानं?”

“तुमच्याच.”

“मंग उचल भेटन का त्याच्यावर?”

शेठ हसला. मिस्त्री हसला नाही. त्याचा भाचा ऑनलाइन सेंटरवर बसतो. मिस्त्रीचं उत्पन्न सात लाखांच्या आसपासही जात नव्हतं, म्हणजे त्या वर्षाच्या नव्या पद्धतीत कर शून्य आणि कापलेलं सगळं परत. भाच्याने सप्टेंबरात मुदतीच्या आत विवरणपत्र भरलं, आणि दिवाळीच्या तोंडावर मिस्त्रीच्या खात्यात परतावा आला. व्याजासकट साडेचौदाशेच्या आसपास.

शेठला हे पेंटरकडून कळलं. तो तडक मिस्त्रीकडे गेला.

“मिस्त्री, ते पैसे मी भरले होते. माह्या खिशातून.”

“हो, भरले तं.”

“मंग ते माहे झाले.”

मिस्त्रीने शांतपणे मोबाईल काढून मेसेज दाखवला. “यात कोनाचं नाव हाये, पाहा.”

शेठ साहेबांना विचारून आला. कायद्याने मिस्त्रीचं बरोबर होतं. पैसे शेठचे असले तरी कर मिस्त्रीचा, म्हणून परतावाही मिस्त्रीचा. टॅन, पॅन जोडणी, चौदाशे चौदाचा कर, चौदाशे चौदाचं शुल्क आणि साहेबांची फी, एवढं सगळं मिळून शेठने मिस्त्रीला दिवाळीचा बोनस दिला होता, फक्त तो गाझियाबादवरून फिरून आला.

भाऊबीजेनंतर दुकान उघडलं तर दारात तिघं उभे. पेंटर, वेल्डर आणि बोअरची मोटर काढणारा. तिघांच्याही हातात पॅन कार्डाची झेरॉक्स.

“शेठ, आमच्याबी नावानं भरा ना ते सरकारात.”

“अरे बाप्पा, तुमचं बिल पाच-सात हजारांचं. तीस हजारांच्या वर गेल्याशिवाय कापताच येत नाई.”

पेंटर क्षणभर विचारात पडला. मग त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे एक नजर टाकली.

“एवढंच ना? मंग बिल वाढवून देतो.”